‘इथे’ म्हणजे नेमकं कुठे?

माझी ताई कुणालाच घाबरत नाही, असं लोक म्हणतात. तसं काही नाही. ती पालीला घाबरते, लिफ्ट मध्येच बंद पडेल म्हणून घाबरते, आणि आईसमोर अजूनही आवाज चढवत नाही. पण कामाच्या बाबतीत कुणी तिला ‘डोळेझाक कर’ म्हटलं, की तिचं डोकं असं फिरतं की समोर साहेब आहे की साहेबाचा साहेब, ते तिला दिसेनासं होतं.

एका मोठ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये ती एकोणीस वर्षं होती. तळघर, छतापर्यंत लोखंडी रॅक, चाकांची शिडी आणि पेशंटच्या फायली. वरून चिठ्ठी आली की हिने शिडी सरकवायची, फाइल काढायची, वर पाठवायची. पुढे सगळं कॉम्प्युटरवर गेलं आणि त्या खोलीला कुलूप लागलं. बरोबरच्या तिघी मुकाट्याने चौकशीच्या काउंटरवर गेल्या. ताईने अर्ज केला, मला कॉम्प्युटर विभागात घ्या.

तिथले साहेब हसले. “बाई, आमच्याकडे फायलींवरची धूळ झटकायची नसते.”

“मग काय करायचं असतं ते शिकते की,” ताई म्हणाली.

आणि शिकली. चाळिशी उलटलेली, नाकावर जाड भिंगाचा चष्मा, क्लासमध्ये शेजारी मुलीच्या वयाची पोरं. भाऊजी भाजी चिरायचे आणि ही टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कीबोर्ड बडवायची. दोनदा नापास झाली. तिसऱ्या खेपेला पास झाली आणि निकालाचा कागद साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. परीक्षा पास झालेल्या कर्मचाऱ्याला नाही म्हणायची सोय नियमात नव्हती. साहेबांनी तिला घेतलं, पण नाव ठेवलं ‘रेकॉर्डबाई’. ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. ताईने मनाला लावून घेतलं नाही. म्हणाली, “नाव ठेवतात ते ठेवू देत. नावं ठेवायला जागा मी ठेवत नाही.”

हॉस्पिटलची एक वेबसाइट होती. पेशंटने आपला क्रमांक टाकला की एक्स-रेचा रिपोर्ट घरबसल्या दिसायचा. ती साहेबांनी स्वतः, नवीन असताना लिहिलेली, आणि त्याचा त्यांना फार अभिमान. देखभाल ताईच्या वाट्याला आली. सगळा प्रोग्राम ओळ न् ओळ वाचून काढताना ती एका ओळीपाशी अडकली.

मी शिंपी. कॉम्प्युटरचं आणि माझं वाकडं. तरी तिने मला समजावलं ते असं.

“रिपोर्टच्या फायली एका फोल्डरमध्ये असतात. तो कुठे आहे हे प्रोग्रामला सांगावं लागतं. साहेबांनी लिहून ठेवलंय, ‘इथल्या रिपोर्टच्या फोल्डरमध्ये बघ.’”

“मग चुकलं काय त्यात?”

“‘इथे’ म्हणजे नेमकं कुठे रे? मी तुला म्हटलं, इथून तिसरं दार, तर तू उभा कुठे आहेस त्यावर दार ठरणार ना? प्रोग्रामचं तेच. ज्या फोल्डरमधून त्याला सुरू केलं, ते त्याचं ‘इथे’. साहेबांच्या मशीनवर एक, सर्व्हरवर दुसरं. उद्या कुणी त्याला तिसरीकडूनच सुरू केलं तर तो भलत्याच दारात शिरेल. आणि त्याला ते कळणारही नाही.”

“मग करायचं काय?”

“त्याने उठल्या उठल्या आधी बघायचं, आपली स्वतःची फाइल कुठे आहे. ती काही जागा सोडत नाही. तिथून रिपोर्टपर्यंतचा पुरता रस्ता काढायचा. आणि तो फोल्डर तिथे नसेल, तर सुरूच व्हायचं नाही. सरळ ओरडायचं.”

हे सगळं तिने साहेबांना लेखी दिलं. उत्तर एका ओळीत आलं. ‘सहा वर्षं चाललंय. हात लावू नका.’ तिने आणखी दोनदा लिहिलं. दुसऱ्या वेळी उत्तरही आलं नाही.

वर्षाचा दुसरा आठवडा होता. सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास ताई काउंटरवरचा एक बिघडलेला प्रिंटर बघायला गेली होती. तिथे एक रंगारी हुज्जत घालत होता. शिडीवरून पडलेला, उजवं मनगट वांग्यासारखं सुजलेलं. डाव्या हातातला मोबाइल तो काउंटरवरच्या मुलीच्या नाकासमोर नाचवत होता.

“यात लिहिलंय दोष आढळला नाही. मग हे काय, मला हौस आलीय सुजायची?”

ताईने मोबाइल मागून घेतला. वर त्याचं नाव, वय, तारीख, सगळं बरोबर. खाली रिपोर्ट. तो तिने दोनदा वाचला. ते वाक्य तिच्या ओळखीचं होतं. साइट तपासण्यासाठी कधीकाळी पाचशे नमुना रिपोर्ट केलेले होते, नाव नाही, गाव नाही, प्रत्येकावर तेच एक वाक्य. त्यांना नंबर एक ते पाचशे. आणि खऱ्या रिपोर्टच्या फायलींचे नंबरही दर वर्षी एकपासूनच सुरू व्हायचे.

ती धावत सर्व्हर रूममध्ये गेली. सर्व्हर सांभाळणारा माणूस तिथेच होता. कमी बोलणारा, सरळ. त्याने सांगितलं, रविवारी दुपारी वीज गेली होती, म्हणून वीज आल्यावर साइट आपोआप सुरू व्हावी अशी व्यवस्था त्याने केली. साइट सुरू झाली, पानं उघडली, तो निश्चिंत घरी गेला. पण नव्या व्यवस्थेत प्रोग्राम सुरू होत होता वेगळ्याच फोल्डरमधून. तिथे चाचणीच्या काळातली जुनी प्रत पडून होती आणि तिच्या पोटात तसाच रिपोर्टचा फोल्डर. प्रोग्रामने ‘इथे’ पाहिलं, त्याला फोल्डर दिसला, तो खूश. नाव-वय वेगळ्या यादीतून यायचं, म्हणून ते खऱ्या पेशंटचं; रिपोर्ट मात्र नमुन्याचा. रविवार दुपारपासून जो कोणी रिपोर्ट बघत होता, त्याला साइट सांगत होती, तुम्हाला काहीही झालेलं नाही.

“आत्ता बंद करायला हवी,” ताई म्हणाली.

“साहेबांच्या परवानगीशिवाय मला करता येणार नाही.”

ती तिसऱ्या मजल्यावर गेली. साहेब सभागृहाच्या दाराशीच भेटले, कोट घालून, भांग पाडून. आत संचालक मंडळ बसलेलं. थोड्या वेळात त्यांना साइट दाखवायची होती. तिने सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा पडला, पण क्षणभरच.

“संध्याकाळी बघू.”

“साहेब, लोक आत्ता वाचताहेत.”

“चार-दोन रिपोर्ट इकडचे तिकडे झाले असतील. नंतर दुरुस्त करता येतील.”

“रिपोर्ट दुरुस्त होतील. तोवर मोडक्या हाताने जो माणूस शिडीवर चढेल, त्याचं काय दुरुस्त करणार?”

“आवाज खाली. तुम्ही साइटला हात लावायचा नाही. हा आदेश समजा.”

“समजला,” ताई म्हणाली, आणि खाली आली.

सर्व्हर रूममध्ये तिने त्या माणसाला खुर्चीवरून उठवलं. “तू बाहेर जाऊन उभा राहा. तुझ्यावर यायला नको.” तो बाहेर गेला नाही, नुसता बाजूला झाला. तिने आपल्या नावाने लॉगइन केलं, साइट बंद केली, आणि टेबलावरच्या वहीत लिहिलं: वेळ, कारण, स्वतःचं नाव, सही. वर सभागृहात पडद्यावर पांढरं पान आलं.

मग ती काउंटरवर येऊन बसली. रविवारपासून किती जणांनी रिपोर्ट उघडले त्याची यादी काढली. त्रेसष्ट नावं. तिने फोन ओढून घेतला आणि पहिला नंबर फिरवला. “आमच्या साइटने तुम्हाला चुकीचा रिपोर्ट दाखवला आहे. चूक आमची आहे. जो वाचलात तो खरा धरू नका.” त्रेसष्ट वेळा तेच. कुणी शिव्या घातल्या, कुणी रडलं, एका आजोबांनी ऐकू येत नाही म्हणून पाच वेळा वदवून घेतलं. रंगाऱ्याचं हाड मोडलेलं निघालं; दुपारी त्याला प्लास्टर चढलं. एका शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या खऱ्या रिपोर्टमध्ये फुप्फुसावर डाग होता. ‘दोष नाही’ वाचून त्या दोन महिन्यांसाठी परगावी लेकीकडे निघाल्या होत्या. फोन आला तेव्हा बॅग दारात होती. त्या तशाच बॅगेसकट हॉस्पिटलमध्ये आल्या.

दुसऱ्या दिवशी ताईच्या हातात नोटीस पडली. वरिष्ठांचा आदेश मोडला, परवानगीशिवाय सेवा बंद केली, संस्थेची अब्रू घालवली. सात दिवसांत लेखी माफी द्या, नाहीतर चौकशी.

इथे मला माझंही सांगायला हवं. मी तिच्या घरी गेलो आणि म्हणालो, “ताई, सही करून टाक. एक कागद तर आहे. मनात काय ते आपल्याला माहीत आहे ना?” भाऊजींनीही मान हलवली. “निवृत्तीला किती वर्षं राहिली? कशाला भिंतीवर डोकं आपटायचं?”

तिने आम्हा दोघांकडे असं पाहिलं की मला बसल्या जागी लहान झाल्यासारखं वाटलं.

“माफी चुकीची मागतात,” ती म्हणाली. “माझी चूक कुठली ते तुम्ही दोघं मिळून शोधा, मी सही करते.”

तिने आमच्यासमोरच उत्तर लिहिलं. दोन वाक्यं. ‘साइट मी बंद केली. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन.’ भाऊजींनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “दुसरं वाक्य जरा मऊ कर.” तिने पेन घेतलं आणि दुसऱ्या वाक्याखाली रेघ मारली.

चौकशीला तीन जण बसले. ताई एकटी समोर. साहेबांनी बाजू मांडली की दोष सर्व्हरवाल्याचा. प्रोग्राम सहा वर्षं बिनचूक चालत होता. तेव्हा तो अबोल माणूस उठला. त्याने त्या दिवशीच्या नोंदींचा कागद टेबलावर ठेवला, शेजारी ताईची तीन जुनी पत्रं. “हे आधीच कळवलेलं होतं. मला कुणी दाखवलं असतं तर मी फोल्डर तपासून सुरू केलं असतं.” एवढंच बोलून तो बसला. साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

समितीच्या अध्यक्ष वयस्क डॉक्टरीण होत्या. त्यांनी ताईला विचारलं, “तुम्ही साहेबांना आणखी पटवायचा प्रयत्न का नाही केलात?”

“मॅडम, मी एकोणीस वर्षं खाली फायली काढल्या. फाइल जागेवर नसेल तर आम्ही रिकाम्या हाताने वर येऊन बोलणी खायचो. पण शेजारची फाइल उचलून कुणाच्या हातात दिली नाही. या प्रोग्रामने तेच केलं आणि मला सांगितलं गेलं, संध्याकाळपर्यंत करू दे. त्यात पटवण्यासारखं काय होतं?”

निकाल आला तो अर्धा इकडे, अर्धा तिकडे. नोकरी राहिली. प्रोग्राम बदलायचं ठरलं आणि काम ताईकडेच आलं. तिने ती ओळ काढली. आता प्रोग्राम सुरू झाला की आधी स्वतःची जागा शोधतो, तिथून रस्ता काढतो, खऱ्या फोल्डरची खूण पटवतो. खूण पटली नाही तर एक पानही उघडत नाही. नमुना रिपोर्टांवर तिने आडवा, ठळक ‘नमुना’ छापला. पहिल्या दिवशी सर्व्हरवाल्याने मुद्दाम चार वेगवेगळ्या फोल्डरांतून प्रोग्राम सुरू करून पाहिला. चारही वेळा तो बरोबर दारी गेला. पाचव्यांदा त्याने रिपोर्टचा फोल्डरच हलवला. प्रोग्राम सुरू व्हायलाच तयार नाही. “तुमच्यावर गेलाय,” तो म्हणाला. हॉस्पिटलात कुणी त्याला विनोद करताना प्रथमच ऐकलं.

हॉस्पिटलने पेशंटना पत्र पाठवलं, त्यात ‘किरकोळ तांत्रिक अडचण’ असं लिहिलं. ताईने विरोध केला, कुणी ऐकलं नाही. पण त्रेसष्ट जणांना खरं काय ते तिच्या तोंडून आधीच कळलेलं होतं. पत्र त्यांनी वाचलं असेल आणि काय समजायचं ते समजले असतील. साहेब साहेबच राहिले. ते अजून तिला कामाचं सोडून एक शब्द बोलत नाहीत. तिचं त्यावाचून काही अडत नाही.

आणि तिच्या सेवापुस्तकात लाल शाईने एक शेरा पडला: ‘वरिष्ठांचा आदेश मोडून स्वतःच्या जबाबदारीवर सेवा बंद केली.’ असा शेरा तीन वर्षांनी अर्ज करून काढून टाकता येतो. या वर्षी मुदत पुरी झाली, तशी कार्यालयातल्या कारकुनाने आपुलकीने स्वतःहून फॉर्म भरून आणला, फक्त सही तेवढी बाकी ठेवली.

ताईने चष्मा लावला, फॉर्म वाचला, आणि तसाच त्याच्या हातात परत दिला.

“राहू दे रे. त्या पुस्तकात माझ्याबद्दल एवढी एकच ओळ नीट लिहिलेली आहे.”