मानांग लुडिविनाने शिवलेली फीत

आमच्या हारो भागात शाळांचे गणवेश शिवणारी लुडिविना, आम्हा सगळ्यांची मानांग म्हणजे थोरली ताई, सरकारी कागदाला भीत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी ती घरकामाला कुवेतला गेली, तेव्हा कागद खरा असल्याची खूण म्हणून परराष्ट्र खात्याने तिच्या जन्मदाखल्याला लाल फीत ओवून दिली होती. त्या फितीवर तिचा देवाइतका विश्वास.

आता तिची मुलगी जोवेलिन स्पेनच्या वृद्धाश्रमात कामाला निघालेली. गुरुवारपर्यंत एजन्सीत तिचा जन्मदाखला दिला नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. सोमवारी मॉलमधल्या सरकारी ऑफिसातून दाखला मिळाला. त्याला सही-शिक्क्याचं एक छापील पान टाचलेलं होतं. फीत नव्हती.

मानांग तो घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. "इन्दाय, पोरी, तू शिकलेली. अर्धवटच दिलाय ना?"

"फीत बंद झाली, मानांग. आता हे पान पुरतं."

"कुणी बंद केली?"

"सगळ्या देशांनी मिळून."

"कुवेतनेही?"

ते मला कुठे ठाऊक! मी पुढ्यात ठेवलेला तांदळाचा गरम पुतो तसाच टाकून ती गेली.

बुधवारी जोवेलिन रडतच आली. "तीता मावशी, बघा माझ्या नानायने काय केलं!"

पिन काढून, दोन्ही पानं नीट जुळवून, मानांगने लाल साटिनची फीत बारीक टाक्यांनी शिवली होती. वर गाठही.

तिघी ऑफिसात गेलो. कारकुनाने कागद उजेडात धरला. "पिन कुणी काढली?"

"मी. गंजते मेली."

"मग हा बाद. पानं सुटी केली की संपलं."

"अहो, पुन्हा जोडलीत ना! तुमच्यापेक्षा घट्ट!"

"पानावरचा नंबर आमच्या नोंदीत बरोबर आहे. पण कागद बाद."

"म्हणजे पोरगी खरी आणि कागद खोटा?"

"खोटा नाही हो. बाद."

मानांगने माझ्याकडे पाहिलं, मी कारकुनाकडे. नवीन दाखल्यासाठी पुढच्या शुक्रवारची तारीख मिळाली.

जागा पाविया गावच्या एका मुलीला गेली. जोवेलिनचं नाव सप्टेंबरच्या यादीत घातलं. नवा दाखला तिने आणून माझ्या कपाटात ठेवलाय.

मानांग रोज सकाळी विचारते, "आला का गं कागद? नुसता बघते."

"अजून नाही," मी म्हणते. आणि कपाटाला किल्ली लावली होती ना, ते आठवत बसते.