लेकीच्या सासरी

मासे घेऊन ती दारापुढच्या खळ्यात आली की आधी माणसांकडे बघतच नसे. ओट्याला कठडा आहे का, तेवढं बघायची. असला तर डोक्यावरची पाटी सरळ त्यावर उतरवायची. नसला तर, "जमनीर ठेवूचंय नाय गो," म्हणून पुढे चालू लागायची.

आमचं घर नवं, पुढे नुसती सपाट फरशी. कठडा घालायचं आम्हा नवराबायकोच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यामुळे बांगडे शेजारी जायचे आणि आमच्या वाट्याला वास. मी जन्मभर शाळेत शिकवलेली बाई. कुणी दारात येऊन पाठ फिरवली की मला लागतं. "काय तोरा आहे! मोठीच घरं लागतात हिला," मी शेजारच्या काकींपाशी कुरकुरले.

काकी म्हणाल्या, "तोरो कसलो, बाय? तिका वाकूक जमणा नाय. चेडवाच्या जल्माच्या येळेक पोट फाडल्यानी, तेचो टाको अजून वढता."

तुम्हीही कधी कुणाबद्दल असं काही ठरवून बसला असाल. खरं कळल्यावर कान कसे गरम होतात, ते वेगळं सांगायला नको. त्याच आठवड्यात गवंडी बोलावून मी कमरेएवढा कठडा घालून घेतला. तिनं त्यावर पाटी ठेवली, हात फिरवला आणि म्हणाली, "बाईनू, बरा केलात. पण सिमेट वाईच जास्त झाला."

मग ती रोज येऊ लागली. शिंक यायच्या आधी तिचा तळहात पोटावर जायचा. परकराची नाडी नेमकी त्या व्रणावर यायची, म्हणून आत जुन्या लुगड्याची मऊ घडी ठेवलेली असे. "थंय मुंगी चावली तरी कळणा नाय, आणि वाकलंय काय सुई टोचता," ती सांगायची, तेही बांगडा साफ करता करता, पावसापाण्याबद्दल बोलावं तसं. माझ्या नवऱ्याच्या विनोदांची मात्र तिला धास्ती होती. "तेंका आत जावंक सांगा, बाईनू. हसलंय काय टाको वढता."

डॉक्टरांना दाखवा म्हटलं, तर म्हणायची, "बावीस वर्सांचा दुखणा घेवन गेलंय तर डॉक्टरच हसतलो." शेवटी मीच ओढून नेली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. आत कातडी चिकटून बसते, त्याची ही ओढ, असं त्यांनी सांगितलं आणि तेल लावून हलक्या हातानं कसं चोळायचं ते दाखवलं. ती खोबरेल लावून नेमानं चोळू लागली. ओढ थोडी कमी झाली. बधिरपणा राहिला तो राहिलाच.

त्याच वर्षी तिची एकुलती लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मूल आडवं आलं आणि तिचंही पोट कापावं लागलं. ते कळल्यापासून हिनं पाटीला हात लावला नाही. गिऱ्हाइकं तुटली, तरी लेकीला पाण्याचा तांब्याही उचलू देईना. तीन महिने तिला हलवायची नाही, असं ठरवूनच बसली होती.

पण चवथ आली. लेकीचं सासर देवगडकडे, कातळाच्या सड्यावर. नळाला दिवसाआड पाणी, बाकी सगळं विहिरीवरून. गणपतीला घर पाहुण्यांनी भरणार, तेव्हा सून हवीच, म्हणून व्याही स्वतः न्यायला आले. बाळ तेव्हा सव्वा महिन्याचं होतं.

"धाडतंय," ती व्याह्यांना म्हणाली, "पण मी पण येतलंय. पाणी मी भरतलंय."

व्याही चहा प्यायचे थांबले. आपल्याकडे लेकीच्या सासरी आई दोन दिवस राहिली तरी चर्चा होते, आणि ही तर तिथं पाणी भरायला निघाली होती! वाडीत बायकांना दुसरा विषय उरला नाही. मलाही राहवलं नाही. "अहो, तुम्हाला साधं वाकता येत नाही, आणि विहिरीचं पाणी ओढणार?" मी विचारलं.

"माझो टाको जुनो, बाईनू. तेचा काय व्हायचा ता होवन गेला. तिचो अजून ओलो आसा."

आता मासे टेम्पोवाला आणतो, भोंगा वाजवत. ताजे असतात, तक्रार नाही. पण तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी ती परतलेली नाही, आणि मला तिची फार आठवण येते.

ती गेली त्या दिवशी मी स्टँडवर पोचवायला गेले होते. लेक बाळाला घेऊन बाकावर बसली होती, व्याही जरा लांब उभे होते. मी हळूच म्हटलं, "एकदा विचार करा हो. लोक काय म्हणतील?"

"माझ्या आयशीन पण तोच इचार केल्यान," ती म्हणाली. "म्हणान ती घराक ऱ्हवली, आणि मी सासरी दीड म्हयन्यात कळशे उचललंय."

एसटी लागली तशी तिनं लेकीच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि तिला आधी वर चढवलं.