उजवीकडची जागा

दिनकर गेल्याचा निरोप मला कंपनीच्या गेटवर मिळाला. महिना होईल आता. पहिली पाळी नुकतीच सुटली होती. निरोप आणणारा म्हणाला, "भोसरीचे दिनकरशेठ… हत्तीणवाले. सकाळी छातीत कळ आली आन् गेले." हत्तीण जाऊन सहा वर्षं झाली, तरी भोसरीत तो शेवटपर्यंत हत्तीणवालाच राहिला.

हत्तीण म्हणजे त्याची अमेरिकन गाडी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं मॉडेल, मुंबईत कुणा परदेशी साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलेलं. आम्ही दोघं पिंपरीत एकाच खात्यात शेजारशेजारच्या लेथवर होतो. पुढे त्याने नोकरी सोडून भोसरीत वर्कशॉप काढलं आणि मग ही गाडी आणली. पहिल्या दिवशी ती गल्लीत वळेचना. आठ जणांनी मागून उचलून सरळ केली. पेट्रोल पाण्यासारखं प्यायची. एखादा भाग मोडला की कुठे मिळायचा नाही. मग दिनकर तो स्वतः लेथवर बनवत बसायचा आणि गिऱ्हाइकांची कामं पडून राहायची.

"दिन्या, विकून टाक हिला," मी वैतागून म्हणायचो.

"विकतो की. मग तू कुनाच्या गाडीत रुबाब करशील राव?"

गाडीचं स्टेअरिंग डावीकडे. पुढच्या ट्रकला मागे टाकायचं तर त्याला समोरचा रस्ता दिसत नसे. म्हणून उजवीकडे मी बसायचो. तो विचारायचा, "घेऊ का?" मी खिडकीतून मान काढून बघायचो आणि सांगायचो, "थांब," नाहीतर "घे." नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत अशा कितीतरी खेपा आम्ही केल्या.

त्या दुपारी पाळी करून मी तसाच गाडीत बसलो होतो. मोशीच्या पुढे डोळा लागला. "घेऊ का?" कानावर आलं आणि डोळे न उघडताच, सवयीने मी म्हणालो, "घे."

समोरून टेंपो येत होता. दिनकरने ब्रेक दाबत गाडी पुढच्या ट्रकच्या मागून डावीकडे ओढली, ती थेट रस्त्याकडेच्या बाभळीवर. मला खरचटलंही नाही. त्याचा डावा गुडघा मात्र कायमचा गेला… जमलेल्या लोकांना तो कण्हत म्हणाला, "स्टेअरिंग अडकलं." मी गप्प राहिलो. त्या दिवशी आणि पुढे सहा वर्षं. वर्कशॉपात कुणी हत्तिणीला शिव्या दिल्या की मीही दोन घालायचो. दिनकर माझ्याकडे बघून नुसता हसायचा.

गेल्या आठवड्यात दिनकरच्या घरी जाऊन वहिनींना हे सारं सांगितलं. त्या चहा गाळत होत्या. हात थांबला नाही.

"ठावं हाय मला, भावजी. तवाच सांगितलं व्हतं त्यांनी. म्हनले, पाळी करून आलेल्या मानसाला मीच न्यायला नको व्हतं."

"मग मला कधी बोलला का नाही?"

"तुमी कवा सांगताय, त्याचीच वाट बगत व्हते की."

गाडी भंगारात दिली तेव्हा दिनकरने तिची पुढची सीट तेवढी ठेवून घेतली होती. सोफ्यासारखी लांब, सलग. वर्कशॉपच्या दाराशी ती अजून आहे. संध्याकाळी आम्ही तिच्यावर चहा प्यायचो. तो डावीकडे, दुखरा पाय लांब करून, मी उजवीकडे. वहिनींकडून निघालो तो तिथेच जाऊन बसलो. त्याच्या बाजूचं रेक्झिन अजून खचलेलं आहे. रस्त्यावर कुठेतरी ट्रकचा हॉर्न वाजला. मी मान बाहेर काढली, नीट पाहिलं… आणि शेजारच्या रिकाम्या जागेला म्हणालो, "थांब."