आत्याचा दगड

धरणाच्या भिंतीवरून जाताना आत्या दर वेळी एक दगड पाण्यात टाकते. खाली तिच्या आजीचं घर बुडालंय. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, म्हणून आमची नदी डोंगरातच अडवली आणि मोठाल्या पाइपांतून घाटाखाली सोडली. गिरण्या बंद पडल्या, पाणी मात्र अजून तिकडेच जातं.

"बुजवून टाकायचंय मेल्यांचं धरण," आत्या म्हणते. तिची आजीही दगड टाकायची, आईही टाकायची. मला पूर्वी हसू यायचं. दगड बुडतो, आणि पाणी काही झालंच नाही असं पसरून बसतं. शहरातले दिवेही असेच निर्लज्जपणे जळतात.

काल मीही एक खडा उचलला. आत्याने तो हातातून काढून घेतला.

"एवढ्याशाने काय होतंय? मोठा बघ."