पोटातले सात धोंडे

माणसाचं जठर ही एक लवचीक पिशवी असते, पण तिलाही मर्यादा असते, हे मी वाशीच्या शाळेत दरवर्षी सातवीला फळ्यावर चित्र काढून शिकवतो. मला स्वतःला मात्र हा धडा जळकोटला, सासरी, पाटावर बसून शिकावा लागला.

लग्नानंतरचा पहिला अधिक महिना होता. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात जावयाला बोलावून पुरण भरलेले कणकेचे उंडे, म्हणजेच धोंडे, तुपात बुडवून खाऊ घालायचे अशी रीत. एकेक धोंडा मुठीएवढा. (मूठ माझ्या सासूबाईंची. माझी लहान आहे.) सासूबाईंना मी मामी म्हणतो आणि सासऱ्यांना मामा. मला बघायला आले तेव्हा मामा घरी जाऊन म्हणाले होते, "पोरगं चांगलंय, पण काडीवानी हाय. खाल्लेलं अंगाला लागंना त्याच्या." हे बायकोनं, वैशालीनं, लग्नानंतर मोठ्या प्रेमानं माझ्या कानावर घातलं. तेव्हापासून एकच ध्यास होता. मामांच्या तोंडून एकदा तरी आपलं कौतुक ऐकायचं.

जळकोटला जाताना वैशालीनं बजावलं होतं, की आमच्याकडं ताट रिकामं दिसलं की वाढतात, तेव्हा कोपऱ्यात थोडं राहू द्या. पण मी पडलो मास्तर! पोरांना 'अन्न टाकू नये' सांगणाऱ्यानं ताटात उरवायचं कसं? मी पहिला धोंडा निपटून खाल्ला. लगेच दुसरा आला. तो संपवला, तिसरा आला. मी खात होतो म्हणून मामी वाढत होत्या आणि त्या वाढत होत्या म्हणून मी खात होतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो, हे मला शास्त्र म्हणून पाठ आहे. मामींच्या हाताला असा काही वेळ लागत नव्हता.

चौथ्याला मी हात आडवा धरला. त्यावर मामी सहज म्हणाल्या, की ढोकीच्या जावयांनी मागच्या धोंड्याच्या महिन्यात सहा खाल्ले होते. ढोकीचे जावई म्हणजे माझे साडू. त्यांचे उसाचे दोन ट्रॅक्टर आहेत आणि चालवायला ड्रायव्हर नसला तरी ते नुसते ढकलून नेतील अशी त्यांची तब्येत. समोर मामा पान लावत बसले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी हात मागं घेतला.

पाचव्यानंतर चव कळायची बंद झाली. सहाव्याच्या वेळी वैशालीनं मला मागून चिमटा काढला, तो मला शाबासकी वाटला. सातवा गेला, पण खाली गेला असं म्हणता येणार नाही. तो अन्ननलिकेत रांगेत उभा राहिला.

जेवण झालं आणि मला पाटावरून उठता येईना. दोघांनी धरून बाजेवर टाकलं. चार वाजेपर्यंत मी आढ्याकडं बघत मनातल्या मनात उजळणी केली. जठर घुसळतं, पित्त तुपाला फोडतं, लहान आतडं सत्त्व शोषून घेतं. सगळं बरोबर होतं, फक्त कुणीच कामाला लागलं नव्हतं! शेवटी मामांनीच मोटारसायकल काढली. हायवेला नवीन दवाखाना झाला होता. डॉक्टर कर्नाटकाकडचे, तरुण, भला माणूस. मराठी पुस्तकावरून शिकलेले. मामा गाडी लावेपर्यंत मी पोट धरून आत गेलो.

"काय होतंय?"

"पोटात धोंडे आहेत," मी कसंबसं म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती?"

"सात."

"कधीपासून?"

"दुपारपासून."

"त्याच्या आधी?"

"आधी एकपण नव्हता."

केवढे आहेत, असं त्यांनी विचारलं. मी मूठ दाखवली, मग आठवण होऊन ती थोडी मोठी केली. डॉक्टरांचा चेहरा उतरला. सोलापूरला न्यावं लागेल, सोनोग्राफी, बहुतेक ऑपरेशनच, असं ते बोलत असताना मामा आत आले.

"कशाचं ऑपरेशन?"

"यांच्या पोटात सात धोंडे आहेत."

"मग? आमच्या थोरल्या जावयानं सहा खाल्ले हुते, त्येला कुठं कापलं?"

"खाल्ले? धोंडे खाल्ले?"

"खातेत की. तूप घालून."

"का?"

मामांना प्रश्नच कळला नाही. "जावई हायेत म्हनून."

पुरण, कणीक, अधिक महिना हे सगळं समजावून होईपर्यंत डॉक्टर हसून हसून टेबलावर आडवे झाले होते. पावडरीची पुडी देत त्यांनी मी काय काम करतो ते विचारलं. मामा म्हणाले, "मास्तर हायेत. पोट कसं चालतं ते शिकवतेत." त्यावर डॉक्टर परत आडवे झाले.

उद्या दिवसभर नुसतं ताक आणि आता घरापर्यंत चालत जायचं, असा हुकूम झाला. मी पायी, मामा शेजारून गाडी ढकलत. मला इतकी लाज वाटत होती की रस्त्यावरची म्हैससुद्धा आपल्याकडंच बघतेय असं वाटलं. मामांनी विचारलं.

"नगं का म्हनला न्हाईत?"

"मामी वाढत होत्या."

मामा थांबले. गाडी स्टँडला लावली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "तिला नगं म्हनायला मलाबी अजून जमलं न्हाई," ते म्हणाले. "तुमी आमच्यातलेच हायेत." एवढं बोलून ते पुन्हा गाडी ढकलायला लागले. मला खरोखर भरून आलं. पोट तर आधीच भरलेलं होतं.

मामी दारातच उभ्या होत्या, डोळे पुसत. मामांनी बाहेरूनच सांगितलं, की डॉक्टरांनी उद्या फक्त ताक द्यायला सांगितलंय. मामींनी मान डोलावली.

"व्हय, ताक देते की. आन् आठवा झाकून ठिवलाय, सकाळी त्योबी गरम करून देते."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी मामांकडं पाहिलं. दोघांपैकी कुणीतरी आज बोलायलाच हवं होतं. मी मन घट्ट केलं, छाती पुढं काढली आणि ठणकावून म्हणालो, "मामी, तूप जरा कमी घाला."