छी-मॅडमची पेटी

रिकाम्या वर्गात पंखा फिरताना दिसला, की मॅडम उष्ट्या ताटात बोट बुडाल्यासारखं तोंड करायच्या. "छी!" कॉलेजातली पोरं त्यांना छी-मॅडमच म्हणत. मी त्यांचा प्रयोगशाळा सहायक.

हिंगणीच्या जंगलाला लागून असलेल्या शेतांसाठी त्यांनी एक पेटी बनवली होती. तीत कॅमेरा, माइक आणि जमिनीची थरथर टिपणारा सेन्सर होता. तिघांचं म्हणणं जुळवून पाहायला मेंदूच्या धर्तीवरची एक चिप. काही हललं-वाजलं तरच ती जागी होई. वाघ असला तर भोंगा वाजे. लहानशा बॅटरीवर महिनोन्महिने चाले. "मेंदू कोरभर भाकरीवर चालते," मॅडम म्हणायच्या, "अन् तुमच्या मशिनी काऊन दिवसभर खाऊन राह्यल्या?" आर्वीच्या होत्या, चिडल्या की वऱ्हाडी यायचं.

पाहुणे येणार म्हणून प्राचार्यांना मोठ्या पडद्यावर शेताचं थेट चित्र हवं झालं. मॅडमनी साफ नकार दिला. "पेटी राखणीले हाये, तमाशाले नाई." मग प्राचार्यांनी मला बोलावलं. मॅडमना न सांगता मी हिंगणीला गेलो आणि पेटीतला कॅमेरा अखंड चालू करून आलो. हार झाले, टाळ्या झाल्या, फोटो झाले. कॅमेरा पूर्ववत करायला कुणी गेलं नाही. मीही नाही.

चौथ्या दिवशी दुपारी कापूस वेचणाऱ्या कांताबाईंचा खांदा वाघानं फाडला. भोंगा वाजलाच नाही. बॅटरी संपली होती.

प्राचार्यांनी अहवालात लिहिलं, चिप सदोष. खाली सहायक म्हणून माझी सही. त्या सहीची मला आजही शिसारी येते.

मॅडमनी पेटी उघडून पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. दवाखान्यात कांताबाईंपुढे हात जोडून म्हणाल्या, "चूक आमची हाये." कांताबाई हळूच बोलल्या, "भोंगा वाजन म्हणून मी मानच वर नाई केली, मॅडम."

मॅडमनी राजीनामा दिला. त्या निघताना मी म्हणालो, "खरं काय ते लिहून देतो तुम्हाला."

"मले देऊन का करतं? तिले दे."

मी लिहून नेलं, कांताबाईंना वाचून दाखवलं. ऐकून त्या बाजूला थुंकल्या. "आता हेच गावापुढे वाच."

वाचलं. मॅडमना मात्र कळवलं नाही. ते शाबासकी मागितल्यासारखं झालं असतं.