बॉल धरून उभा राहणारा लालासाब

पिंपळतळ पेठेत फुटबॉल न कळणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. विचारा कुणालाही. जन्मात बॉलला पाय न लावलेला गवळीसुद्धा तुम्हाला सांगेल की उजव्या बाजूच्या फॉरवर्डनं कुठं पळायला पाहिजे होतं, आणि म्हशी धारेला खोळंबल्या तरी सांगून झाल्याशिवाय तो जागचा हलणार नाही. त्यामुळं चौऱ्याहत्तर साली पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाला चार मॅचमध्ये मिळून एक गोल मारता येईना, तेव्हा पेठेत कारणांचा दुष्काळ पडला नाही. खरं कारण मात्र एकट्या लालासाब शिकलगारला ठाऊक होतं, आणि ते तोंडातून काढलं तर त्याचीच भाकरी जाणार होती.

लालासाब पेठेतलाच. बाप सायकलच्या चाकावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावत हिंडायचा. लालासाब चौदाव्या वर्षी गणपतरावांच्या ओतकामाच्या कारखान्यात लागला. गणपतराव म्हणजे तालमीचे अध्यक्ष. सगळी पेठ त्यांना आप्पा म्हणायची आणि त्यांच्या शब्दाबाहेर जायची नाही. पहिली आठ वर्षं लालासाबनं ओतलेला माल छिन्नी-हातोड्यानं साफ करायचं काम केलं. पत्र्याच्या शेडमध्ये दहा माणसं दिवसभर लोखंडावर लोखंड हाणायची. आधी संध्याकाळी कान वाजायचे, मग सकाळी पण वाजायला लागले. मग एक दिवस वाजायचे थांबले, आणि सुटलो बाबा म्हणेपर्यंत त्याच्या ध्यानात आलं की मशिदीतली बांगही थांबलीय.

समोर उभं राहून कुणी बोललं तर ओठांवरून त्याला कळायचं. पाठीमागून तोफ डागली तरी नाही. हे फक्त त्याच्या बायकोला, ताजबीला माहीत होतं, कारण बाकी कुणाला सांगायची सोय नव्हती. तोवर तो साफसफाईवरून ओतकामावर चढला होता. तिथं दोघं जण वितळलेल्या लोखंडाचं भांडं दांड्यावरून न्यायचे आणि मागून ‘सर’ अशी हाळी आली की माणसानं सरायचंच. कधीकाळी एका कमी ऐकणाऱ्या गड्याला ती हाळी कळली नाही आणि त्याचा पाय गुडघ्यापर्यंत गेला. तेव्हापासून आप्पांनी नियमच केला, कानानं अधू माणूस कारखान्यात नको. नियम काही वाईट नव्हता. पण ज्या कारखान्यानं कान खाल्ले त्यानंच वर विचारायचं, की का रं, ऐकू येत नाही व्हय तुला? मोठा न्याय!

तर असा हा लालासाब दहा वर्षं तालमीचा सेंटर हाफ होता. संघाचं सगळं चाक त्याच्याभोवती फिरायचं. बॅककडून बॉल त्याच्याकडं यायचा आणि त्याच्याकडून पुढं जायचा. पण तो लगेच जायचा नाही, हीच तर गंमत होती. लालासाब बॉलवर पाय ठेवून उभा राहायचा. मैदानाच्या भिंतीवर बसलेली दोन हजारांची पेठ बेंबीच्या देठापासून ओरडायची, मार की, दे की, झोपला काय रं! लालासाब ढिम्म. पुढं त्याचा दोस्त पिराजी सेंटर फॉरवर्डला असायचा. तो आधी दोन पावलं खोटीच डावीकडं टाकायचा, समोरचा बॅक त्याच्यामागं ओढला जायचा, आणि मग पिराजी गर्रकन उजवीकडं सुटायचा. त्या क्षणाला लालासाबचा पाय हलायचा. बॉल पिराजीच्या पुढ्यात आणि पुढचं काम समोरच्या गोलकीपरचं, जाळीतून बॉल काढायचं.

म्हणजे काय, तर सगळा खेळ त्या दीड-दोन सेकंदांच्या वाट बघण्यात होता. पिराजीला वाटायचं, काय गडी आहे, दोन हजार माणसांच्या छाताडावर पाय देऊन उभा राहतो. पेठेला वाटायचं, आपण ओरडतो म्हणून शेवटी तरी देतो. आणि लालासाबला काय ऐकू येत होतं? कारखान्यात, घरात, मैदानात, सगळीकडं तीच शांतता. बरं, त्या शांततेत मैदानावर त्याला फार सुख वाटायचं. तेवढ्या एका जागी कान नसल्याचं त्याचं काही अडायचं नाही.

आणि तिथंच अडलं. त्र्याहत्तरच्या सेमीफायनलला ऑफसाईडची शिट्टी झाली. सगळे थांबले. एरवी लालासाब रेफरीचा हात बघून थांबायचा, पण त्या दिवशी रेफरी पाठीमागं होता आणि लालासाब बॉल घेऊन पुढं निघाला तो थेट जाळीत मारूनच थांबला. समोरच्यांना वाटलं, मस्ती करतोय. रेफरीला वाटलं, अपमान करतोय. धक्काबुक्की झाली, लालासाबला बाहेर काढलं आणि दहा जणांत तालीम हरली. आप्पांनी सगळ्यांसमोर विचारलं, शिट्टी ऐकून पण का मारलास? लालासाबनं मान खाली घातली आणि सांगितलं, डोकं फिरलं हुतं. लोक म्हणाले, माज आलाय. दहा वर्षांचा सेंटर हाफ एका दुपारी माजुरडा ठरून घरी बसला. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा माजुरडा बरा, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि गप्प गिळलं.

त्याच्या जागी ज्ञानूला घातलं. पोरगं अठराचं, पायात जादू. बॉल त्याच्या पायाला चिकटून असायचा आणि पासही लालासाबपेक्षा सरळ जायचा. पण लीगच्या चार मॅच झाल्या, गोल शून्य. दोन बरोबरीत सुटल्या, दोन तालीम हरली. पिराजी खोटी पावलं टाकून सुटायचा तेव्हा बॉल आधीच कुठंतरी गेलेला असायचा.

कारण काय, तर ज्ञानू पेठेचं पोरगं होतं, आणि हे शब्दशः. बाप लहानपणीच गेला, आई बाळाबाई धुणीभांडी करायची. ज्ञानू ज्याच्या घरी असेल त्या घरी जेवायचा. त्यामुळं भिंतीवर बसलेला प्रत्येक जण त्याचा काका, मामा नाहीतर आजा होता, प्रत्येकाच्या ताटातलं त्यानं खाल्लेलं होतं आणि मोठ्या माणसानं सांगितलं की करायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. एका काकानं ‘उजवीकडं’ म्हटलं की तो उजवीकडं द्यायचा. मामानं ‘मार’ म्हटलं की मारायचा, गोल पन्नास यार्ड लांब असला तरी. दोघं एकदम ओरडले की बिचारा मध्येच अडखळायचा आणि तेवढ्यात बॉल काढून नेलेला असायचा.

आता पेठेनं काय करावं? गप्प बसावं? छे! उंटावरून शेळ्या हाकायची सवय अशी सुटते होय. आधी ज्ञानूची दृष्ट काढली. मग त्याला दूध-बदाम सुरू केलं. तालमीच्या देवाला बकरं पडलं, ते सगळ्यांनी चापलं. एवढ्यानंही भागेना म्हणून चौथ्या मॅचला गुंडू नावाच्या एका गृहस्थाला पत्र्याचा कर्णा देऊन लाईनवर उभं केलं, पोराला सूचना नीट कळाव्यात म्हणून. त्या दिवशी पोरानं पिराजीकडं एकदासुद्धा बघितलं नाही, नुसता कर्ण्याकडं बघत होता.

मॅच हरल्यावर बाळाबाईच्या दारावर कुणीतरी शेण मारलं. ज्या पेठेनं पोर जेवू घातलं, तिनंच. लालासाबनं सकाळी कारखान्यात जाताना बघितलं, बाळाबाई पदर खोचून दार धूत होती आणि येणारा-जाणारा मान फिरवून जात होता.

त्याच संध्याकाळी ज्ञानू लालासाबच्या घरी आला. डोळे सुजलेले. ‘चाचा’ एवढंच म्हणाला आणि पुढं रडायलाच लागला. लालासाबनं त्याला समोर दिव्याच्या उजेडात बसवलं, ओठ दिसावेत म्हणून. पोरानं एकच विचारलं, की एवढा कालवा चाललेला असताना तुम्ही बॉल धरून कसं उभं राहत होता? लालासाबनं आधी उडवाउडवी केली. मग न राहवून सांगितलं, कानात कापूस घालून खेळ. पोरगं दचकलं. आप्पा आणि सगळी मोठी माणसं सांगत असताना कान बंद करायचे? अन्न खाल्लंय त्यांचं, म्हणाला. लालासाबनं हरतऱ्हेनं समजावलं, पण ते पोरगं मान हलवत निघून गेलं.

ताजबीनं सगळं ऐकलं होतं. तिनं नवऱ्याच्या समोर येऊन बजावलं, की तुमच्या मनात काय चाललंय ते मला कळतंय. त्या तालमीनं तुम्हाला माजुरडं म्हणून हाकललं, एकानं घरी येऊन विचारपूस केली नाही, त्यांच्यासाठी आपल्या पोटावर पाय द्यायचा नाही. तिचं खोटं नव्हतं. लालासाब रात्रभर कूस बदलत राहिला, आणि दार धुणारी बाळाबाई काही डोळ्यांसमोरून हलेना.

लीग संपली आणि मोसमातली मोठी स्पर्धा तोंडावर आली. तिच्या पहिल्या मॅचच्या आधी तालमीत बैठक भरली. ज्ञानूला काढायचं का ठेवायचं, एवढाच विषय. पोरगं कोपऱ्यात आरोपीसारखं उभं होतं. लालासाब आत शिरला तशी कुजबुज झाली असणार, त्याला ती कळली नाही. तो सरळ आप्पांसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला की पोरात खोट नाही, खोट भिंतीवर हाय. तुम्ही सगळे ओरडायचं बंद करा, गोल आपोआप होईल.

आप्पा हसले. “आन् तू खेळत हुतास तवा काय आमी मुकं हुतो व्हय रं? तवाबी आमी वरडतच हुतो. गोल हुईत हुतं की!”

सगळे हसले. खरंच होतं त्यांचं. त्या प्रश्नाला एकच उत्तर होतं, आणि ते देण्यावाचून आता गत्यंतर नव्हतं. लालासाबनं एकदा ज्ञानूकडं बघितलं.

“मला ऐकूच येत न्हवतं, आप्पा,” तो म्हणाला. “धा वरसं झाली. तुमचं वरडणं न्हाय, रेफरीची शिट्टीबी न्हाय. म्हणून मी थांबू शकलो.”

कुणाला खरं वाटेना. तेव्हा गुंडूनं लालासाबच्या पाठीमागं जाऊन कर्णा तोंडाला लावला आणि त्याच्या नावानं अशी आरोळी ठोकली की तालमीतल्या पारव्यांनी भुर्रकन उडावं. लालासाब आप्पांकडंच बघत उभा होता. मग हशा पिकला. त्याला समोरच्यांचे दात दिसले म्हणून त्यानं वळून बघितलं, तर गुंडू कर्णा घेऊन वाकडातिकडा होऊन हसत होता. एक पिराजी तेवढा हसला नाही. तो उठून बाहेर गेला.

आप्पाही हसत नव्हते. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि सावकाश, ओठ नीट हलवत बोलले. “मग उद्यापासनं तू कारखान्यात यायचं न्हाईस, लालासाब. आता कळल्यावर मला ठेवता येत न्हाय. उद्या कुणी जळालं तर?”

लालासाबला एक-एक शब्द दिसला. दहा वर्षं त्यानं कुणाला जळू दिलं नव्हतं. हाळी ऐकू येत नाही म्हणून तो इतरांच्या दुप्पट डोळे उघडे ठेवून काम करायचा, मान सारखी वळवून. पण हे सांगायचं कुणाला? तो चपला घालून घरी गेला.

पेठ काही गप्प बसली नाही. तो उपाय कुणाला झेपणारा नव्हताच. पण आप्पांनी स्वतः बाजारातून कापूस आणला, मॅचच्या आधी सगळ्यांसमोर ज्ञानूच्या दोन्ही कानांत स्वतःच्या बोटांनी कोंबला आणि सांगितलं, माझा हुकूम हाय, काढायचा न्हाय. आप्पांचाच हुकूम म्हटल्यावर पोराला कसलं पाप लागतंय? त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा बॉलवर पाय ठेवला आणि वाट बघितली. पिराजीनं दोन गोल मारले. तालीम फायनलला पोचली, तिथं तीन.

भिंतीवर सगळे जण घसा फुटेस्तोवर ओरडत होते ते होतेच. गुंडूचा आवाज तर आठ दिवस बसला आणि तो खुणा करून लोकांना सांगत होता, की बघा, आपण शेवटपर्यंत रेटून धरलं म्हणून जमलं. चहाच्या गाड्यावर जो तो म्हणत होता, आप्पांनी काय डोकं चालवलं! कापूस! हे सुचायला मूळचं खानदानी डोकं लागतंय.

मिरवणूक फायनलच्या संध्याकाळी निघाली. लालासाबच्या गल्लीवरूनच तिची वाट होती. तो दारात उभा राहिला. महिना झाला होता, काम कुठं मिळालं नव्हतं. बहिऱ्याला कोण ठेवतो, आणि आता उद्यमनगरातल्या साऱ्या कारखान्यांना माहीत होतं. पायाखालची फरशी हलगीनं थरथरत होती, तेवढं त्याला कळत होतं. पुढं आप्पा फेट्यात, मागं पोरांच्या खांद्यावर ज्ञानू, गुलालानं माखलेला. ज्ञानूची नजर एकदा त्याच्यावर पडली, त्यानं हात पण उचलला, पण खालच्या पोरांनी त्याला तोवर पुढं नेलं. सगळ्यांची तोंडं उघडी होती आणि गुलालाच्या धुरळ्यात एकाचेही ओठ दिसत नव्हते. कुणाकुणाच्या नावानं काय काय चाललंय, लालासाबला काही थांग लागेना.

मिरवणूक गल्लीच्या वळणाला गेली. तो आत आला. ताजबी चुलीपुढं भाकरी थापत होती. तिला बाहेरचं सगळं ऐकू आलं असणार.

“माझं नाव घेटलं का गं कुणी?” त्यानं विचारलं.

एवढ्या वर्षांत त्याच्याशी बोलताना ताजबीनं कधी तोंड फिरवलं नव्हतं. आज तिनं आधी चुलीकडं तोंड केलं आणि मग उत्तर दिलं. लालासाबनं परत विचारलं नाही.